आधी उजवा



दर महिन्याला या सदरात आपण एखादा जुना कागद उलगडून बसतो. कुणाच्या घरचं गहाणखत, कुणाच्या पणजोबांना सरकारातून आलेलं बोलावणं, कुणाकडची रुखवताची यादी. या वेळी कागद नाही. मजकूर मी तोंडाने सांगतेय आणि सूनबाई टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या तक्रारी तिच्याकडे पाठवाव्यात. (हे वाक्य ती गाळणार होती, मी गाळू दिलं नाही.)

येत्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. वय ६१. दोन बाळंतपणं सोडली तर दवाखान्यातल्या कॉटवर मी कधी आडवी झालेली नाही, त्यामुळे हे माझं पहिलंच ऑपरेशन.

बातमी फुटल्यापासून जो तो मला धीर देतोय. दांडिया बाजारातल्या आमच्या जाऊबाईंनी दोन्ही डोळे करून घेतले आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे आठवड्याभरात त्या शंकरपाळे तळायला बसल्या. शेजारच्या बेन म्हणाल्या, "मोतियो ते कंई ऑपरेशन केहवाय?" एका भाच्याने तर दाढ काढण्याशी तुलना केली. हा भाचा स्वतःची दाढ काढायला गेला तेव्हा त्याच्यासोबत चार माणसं होती, ते असो.

या सगळ्यांचं बोलणं खरंच आहे. पण एक फरक आहे. त्यांना दोन डोळे आहेत.

माझा डावा डोळा दिसायला अगदी बरोबर आहे. फोटोत कुणाला शंका येणार नाही. पण तो जन्मभर कामावर आलेलाच नाही. लहानपणी उजव्यापेक्षा त्याचा नंबर फार मोठा होता आणि ते कुणाच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, कारण उजवा दोघांचं काम ओढत होता. पाचवीत शाळेत डोळे तपासणारे आले. त्यांनी माझा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितलं. मला तक्ता दिसत होता, अक्षरं नव्हती. मी विचारलं, "कुठली अक्षरं?" सगळा वर्ग हसला होता.

डॉक्टर याला आळशी डोळा म्हणतात. मला हा शब्द जरा अन्यायाचा वाटतो. डोळा आळशी नसतो. बघायला डोळा एकटा पुरत नाही, मेंदूलाही बघायला शिकावं लागतं, आणि ते शिक्षण आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत होतं. त्या काळात एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र येत राहिलं तर मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. सात-आठ वर्षांपर्यंत कळलं तर चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून त्या दुर्लक्षित डोळ्याला कामाला लावता येतं. पुढे ते फार अवघड होत जातं. माझ्या वेळी उशीर झाला होता. त्यामुळे डाव्या डोळ्याने मला माणूस उभा आहे हे दिसतं, कोण उभा आहे ते दिसत नाही. कितीही महागाचा चष्मा लावला तरी नाही.

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांची मुलं आहेत त्यांना इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढे बोलण्याच्या ओघात राहून जाईल. मूल तक्रार करत नाही म्हणजे त्याला नीट दिसतंय असं नसतं. एका डोळ्याने छान दिसत असलं तर ते तक्रार कशाला करेल? शाळेत घालण्याआधी एकदा दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. माझी ही कथा ऐकून माझ्या भाचीने तिच्या साडेचार वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी दाखवलं, आणि तिचाही एक डोळा मागे पडलेला निघाला. आता ती चष्म्याखाली फुलपाखराची पट्टी लावून रोज दोन तास चित्रं रंगवते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला विचारलं, "मोठ्या आजी, तुला कुठल्या चित्राची पट्टी देणार?" मी म्हटलं, मला चित्राची नाही मिळणार, पारदर्शक प्लास्टिकचं झाकण मिळेल. तिला माझी फार कीव आली.

तर उजवा डोळा. मायनस नऊ नंबर, चाळीसेक वर्षांपासून. वाचलं, शिकवलं, शिवलं, मोडी लिपी शिकले, सगळं याच्या एकट्याच्या जिवावर. आणि आता त्याच्या भिंगावर साय धरलीय.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर काहीतरी वाढतं असं अजूनही पुष्कळ लोकांना वाटतं. वर काही वाढत नाही. बुबुळाच्या मागे आपलं एक नैसर्गिक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वयाबरोबर त्यातली प्रथिनं गुठळतात आणि ते आधी पिवळसर, मग गढूळ होत जातं. दुधात लिंबाचा थेंब पडावा, पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या संथपणाने. आपल्याकडे हिंदीत, गुजरातीत, मराठीत सगळीकडे नावात मोती आहे, हे मात्र मला आवडतं. बाकी बडोद्यात दवाखान्याच्या बाकावर भाषेचा घोटाळा होतोच. गुजरातीतलं झामर म्हणजे आपला काचबिंदू, तो वेगळा आजार, त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका मराठी आजींना कंपाउंडरने "झामरनी तपास" सांगितली तेव्हा त्या "काय झालं माझ्या डोळ्याला?" म्हणून रडकुंडीला आल्या. नुसता डोळ्यातला दाब मोजायचा होता.

कसं दिसतं असं सूनबाईने विचारलं. धुरकट दिसतं असं सगळे सांगतात, पण मला आधी रंगांनी दगा दिला. जांभळा आणि तपकिरी यांत फरक कळेना. दुकानात मी पांढरी म्हणून घेतलेली साडी घरी सगळ्यांना पांढरीच दिसत होती आणि मला ती चहा सांडल्यासारखी. मग उजेडाचा त्रास सुरू झाला. यंदा उत्तरायणला गच्चीवर गेले. हे आणि मुलगा पतंग उडवत होते, आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरून "काप्यो छे", "लपेट" चाललं होतं. मी काळा चष्मा लावून फिरकी धरून उभी. आकाशात मला एकही पतंग दिसत नव्हता. नुसतं पांढरं, डोळ्यांत टोचणारं आकाश. दोऱ्याची ओढ हाताला कळत होती, म्हणजे वर काहीतरी आहे हे नक्की. रात्री तुक्कल सोडले तेव्हा मात्र प्रत्येक दिव्याभोवती मोठं रंगीत वलय. सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, आई, मस्तच की. मस्त होतं खरं. पण तीच वलयं रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांनाही असतात, तेव्हा मस्त वाटत नाही.

आणि मोडी. ज्यांनी कधी मोडीचा कागद पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरामागून अक्षर ओढत नेतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. एखादं वळण केसभर इकडचं तिकडे झालं की अक्षर बदलतं. कागद शंभर-दीडशे वर्षांत पिवळा झालेला, शाई तपकिरी झालेली. त्यावर माझ्या भिंगाचा पिवळेपणा. पिवळ्यावर पिवळं. भाद्रपदापासून मी भिंगाखाली भिंग धरून वाचत होते. दिवाळीनंतर एका घरच्या कर्जाच्या कागदातला रकमेचा आकडा मला तीन दिवस बघूनही ठरवता आला नाही. मी त्यांना सांगितलं, मला हे दिसत नाही, थांबावं लागेल. त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, आधी डावा करून बघू का? म्हणजे काही बिघडलंच तर बिघडू दे, रंगीत तालीम होईल. ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. म्हणाले, डाव्याचा पडदा आणि नस ठीक आहे, पण मेंदूने त्याचं ऐकणं कधीच सोडलंय. त्याचं भिंग बदलून तुमच्या वाचनात काडीचा फरक पडणार नाही. तुमचं आयुष्य उजव्यावर अडलंय. आधी उजवा.

पूर्वी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबत. आता थांबायची गरज नसते, उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढायला अवघड जातो. माझा मधल्या अवस्थेत आहे. डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालून त्यांनी पडदा कडेपर्यंत तपासला, कारण मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो आणि ऑपरेशननंतर तो सुटायचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. हे त्यांनी न लपवता सांगितलं. नंतर कधी विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा पडदा पडल्यासारखं वाटलं तर रात्री दोन वाजताही फोन करायचा, हे दोनदा सांगितलं. घरी आल्यावर ते मी फ्रिजवर लिहून लावलंय.

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला त्याने माझी चार दिवस झोप उडवली. ऑपरेशनची भीती त्या प्रश्नापुढे बाजूला पडली.

"मावशी, तुम्हाला चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवंय की जवळचं?"

मोतीबिंदूत आपलं भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात हे मला माहीत होतं. त्याचा नंबर निवडता येतो हे माहीत नव्हतं. म्हणजे माझा मायनस नऊ पुसून टाकायची ही संधी आहे. साधं भिंग एकाच अंतरावर नीट दाखवतं. लांबचं ठेवलं तर चष्म्याशिवाय रस्ता, पाट्या, पतंग, सगळं दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल. जवळचं ठेवलं तर साधारण फूटभर अंतरावरचं चष्म्याशिवाय लख्ख दिसेल आणि लांबचं बघायला मायनस तीनच्या आसपासचा चष्मा लावावा लागेल. दोन्ही दाखवणारी महाग भिंगंही असतात, पण ती येणारा उजेड वाटून घेतात. कामाचा डोळा एकच असताना मला ती देऊ नयेत असं डॉक्टरांचं मत पडलं.

घरात दोन तट. ह्यांचं म्हणणं, जन्मभर चष्मा लावलास, आता तरी सुटका करून घे. सकाळी उठल्यावर उशीजवळ चाचपडायचं नाही. पावसात काचा पुसायच्या नाहीत. त्यांनी हे ज्या आवाजात सांगितलं त्यावरून माझ्या लक्षात आलं की गेली छत्तीस वर्षं माझं चाचपडणं ते बघत होते.

मुलाने सांगितलं, तुला वाटेल ते कर. मुलगे असंच सांगतात.

मला काय वाटतं ते ठरवायला मी एका दुपारी चष्मा काढून बसले. मायनसवाल्यांचं एक गुपित असतं. लांबचं काही दिसत नाही, पण चष्मा काढून वस्तू नाकाजवळ धरली की इतकं बारीक दिसतं की इतरांना भिंग घ्यावं लागेल. सुईत दोरा मी असाच ओवते. अंगठीवरचं कोरीव काम, तांदळातला बारीक खडा, नातवाच्या तळहातात गेलेलं कुसळ. मोडीही मी अशीच शिकले, चष्मा टेबलावर, कागद नाकाशी. लांबचं जग मला कायम काचेतूनच दिसलंय आणि त्याचं मला दुःख नाही. पण जवळचं जग माझं स्वतःचं आहे, मधे काही नसताना. ते काचेमागे गेलं तर? लांबचा चष्मा मायनस नऊचा मायनस तीन झाला तरी माझ्यासाठी तो पिसासारखा हलका असेल. काचेच्या आड माझे डोळे बारीक मण्यांसारखे दिसतात, ते जरा तरी माणसाएवढे दिसतील.

जवळचं, असं मी डॉक्टरांना कळवलं. ह्यांनी एक दिवस अबोला धरला, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, बरोबर आहे, नाहीतर ती कागदांची ट्रंक मला वाचावी लागली असती.

मग मापं. एका यंत्रात हनुवटी टेकून डोळ्याची लांबी मोजतात. साधारण माणसाचा डोळा २३-२४ मिलिमीटर लांब असतो, माझा २७ च्या वर निघाला. त्या मापात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. इतकं नाजूक गणित. मुलीने, म्हणजे मापं घेणाऱ्या मुलीने, तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा सारखं आल्यावरच मान हलवली. तिच्या त्या मान हलवण्याने मला डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्याइतका धीर दिला.

माझ्या आजीचं ऑपरेशन मला आठवतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तेव्हा सगळं भिंग मोठी चीर देऊन काढत, त्या जागी काहीच बसवत नसत. आजीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या, मान हलू नये म्हणून. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. आम्हा मुलांना आत सोडत नसत ते त्या हसण्यासाठीच. घरी आली ती डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी घेऊन, आणि महिन्याभराने तिला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. त्यातून तिचे डोळे माझ्या आताच्या डोळ्यांच्या उलट, भलेमोठे दिसायचे. तिला दरवाजे वाकडे दिसत, पेला धरायला गेली की हात पुढे पडायचा. तरी ती खूश होती. पंचांग वाचता येत होतं.

तेव्हा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची युक्ती निघालेली होती, आपल्यापर्यंत पोहोचली नव्हती. तिची गोष्ट मला डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत बसून मुलाच्या मोबाइलवर ऐकायला मिळाली आणि मी ती तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या कॉकपिटवरचं छत पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं असे. गोळीबारात ते फुटलं की तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरल्ड रिडली नावाच्या लंडनच्या डॉक्टरांना दिसलं की ते तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन बघायला आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? रिडलींनी तसल्याच प्लास्टिकचं भिंग करवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका बाईच्या डोळ्यात बसवलं. त्या बाईंचा नंबर चुकला, भलामोठा मायनस आला! मापं घेणारी आमची मुलगी तेव्हा नव्हती ना. व्यवसायातल्या लोकांनी रिडलींना कित्येक वर्षं वेड्यात काढलं. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही तशीच भिंगं बसली.

दुसरी गोष्ट दाढेची, म्हणजे भाच्याची तुलना अगदीच टाकाऊ नव्हती. चार्ल्स केल्मन नावाचे न्यूयॉर्कचे डॉक्टर दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसले होते. दातांवरचं किटण काढायच्या यंत्राचं टोक अतिसूक्ष्म कंपनं करत होतं. त्यांना वाटलं, अशाच कंपनांनी डोळ्यातलं भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतलं तर? १९६७ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. माझं ऑपरेशन त्याच पद्धतीचं. अडीचेक मिलिमीटरची चीर, तिच्यातून घडी घातलेलं भिंग आत जातं आणि आत गेल्यावर उलगडतं. टाका नाही. परदेशी भिंग पूर्वी परवडत नसे. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वस्तात बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून खेड्यातल्या माणसालाही आजीच्या चष्म्यातून सुटका मिळाली.

आणि मोडी वाचणाऱ्या बाईने तंजावरचं नाव न घेता हा विषय संपवणं शक्य नाही. सुईने गढूळ भिंग खाली ढकलून बाहुली मोकळी करायची रीत सुश्रुतसंहितेत आहे, ती देशभर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण तंजावरच्या आपल्या भोसल्यांच्या गादीवरचे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांना वैद्यकाचा, त्यातही डोळ्यांच्या उपचारांचा विलक्षण नाद. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्या गावात मोडी कागदांचेही गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. बडोद्याचं तंजावरशी नातं आहेच, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी तिथल्याच. माझी तिथे जायची इच्छा जुनी आहे. डोळे धड असताना सवड झाली नाही, सवड झाली तेव्हा डोळे असे. मंगळवारनंतरच्या यादीत तंजावर सगळ्यात वर आहे.

भीती आहे का? आहे. संमतिपत्र गुजरातीत होतं, मी ते भिंग घेऊन अक्षर न् अक्षर वाचलं. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पडदा सुटणे, आणि एका ओळीत, दृष्टी जाणे. मुलगा म्हणाला, हे सगळ्यांनाच लिहून देतात, बघू नकोस, सही कर. इतरांच्या घरची गहाणखतं वाचणारी बाई स्वतःच्या डोळ्याचा कागद न वाचता सही कशी करेल? अशा गोष्टी क्वचित होतात हे मला कळतं. पण क्वचित हा शब्द दोन डोळेवाल्यांसाठी जेवढा लहान आहे तेवढा माझ्यासाठी नाही. रात्री तीनला जाग येते आणि मी अंधारात उजवा डोळा झाकून डाव्याने बघते. खिडकीचा चौकोन दिसतो. बस्स, चौकोन. एवढ्यावर किती चालेल याचा हिशेब करते. स्वयंपाकघर चालेल, सवयीने. अंघोळ चालेल. नातवाचा चेहरा नाही. वाचन नाही. मग डोळा उघडते आणि पाणी पिऊन येते.

हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आता सूनबाई टाइप करायची थांबलीय. कर गं बाई पुढे.

ऑपरेशनच्या वेळी भूल देऊन झोपवत नाहीत. थेंबांनी डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. पापणी मिटेल ही भीती नको, ती चिमट्याने उघडी धरलेली असते. वरच्या दिव्याकडे बघत स्थिर पडायचं, खोकला आला तर आधी सांगायचं. वीस मिनिटांचं काम. मी दुपारी दिवाणावर उताणी पडून तोंडावर ओला नॅपकिन घेऊन सराव करते आणि हे घड्याळ लावून बसतात. पहिल्या दिवशी सहाव्या मिनिटाला नाकाला खाज आली. काल बावीस मिनिटं टिकले, पण ह्यांचं म्हणणं की शेवटची दहा मी घोरत होते.

एक बारीकसं पण कामाचं. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना झाडून सगळं सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी तर सांगायचीच, पण प्रोस्टेटसाठी पुरुष टॅम्सुलोसिन घेतात तीही. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं, आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते त्याची तयारी ठेवतात. आमच्या पिढीतले पुरुष ही गोळी बायकोलाही सांगत नाहीत. मुलांनो, तुमच्या वडिलांना विचारा.

शनिवारपासून थेंब सुरू होतील. नंतर काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, गॅसजवळ फोडणीचा धूर नाही, रात्री झाकण लावून झोपायचं. नेमकं हळदीकुंकवाच्या दिवसांत. तेव्हा यंदा आमच्याकडचं हळदीकुंकू सूनबाई करणार आहे, रथसप्तमीच्या आत, आणि मी काळा चष्मा लावून सोफ्यावर बसणार आहे. भेटायला जरूर या. तिळगूळ घ्या, डोळ्याजवळ हात आणू नका.

जाऊबाई म्हणतात, पट्टी काढल्यावर पहिल्यांदा निळा रंग दिसतो, असा निळा की रडू येतं. पिवळं भिंग निळा उजेड अडवून धरतं, ते गेलं की निळा परत येतो, हे मी नंतर वाचलं तेव्हा त्यांचं खरं वाटलं. मला निळी साडी नाही बघायची. मला काळी शाई काळी बघायची आहे.

ज्यांचे कागद माझ्याकडे आहेत त्या सर्वांना निरोप. सगळे कागद नावं घालून, कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ट्रंकेत ठेवलेत, किल्ली मुलाकडे आहे. दोन घरच्यांना त्यांचे परत हवे होते, ते पोहोचते केले. बाकीच्यांनी मार्चपर्यंत थांबावं. पाठवणाऱ्यांनी नवे कागद जरूर पाठवावेत, फक्त सेलोटेप लावून नकोत. कर्जाच्या कागदाच्या घरच्यांनी फोन करून सांगितलं की घाई नाही, दीडशे वर्षं थांबलेली रक्कम आणखी दोन महिने थांबेल. तो कागद मी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलाय. आकड्याच्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक खूण केलीय, ती मला आत्ता दिसत नाही, पण कुठे केलीय ते माहीत आहे.